डाव्या हाताची तुरपाई

शुक्रवारी सकाळी दुकान उघडून दहा मिनिटंही झाली नव्हती आणि छोटी दांडीपाशी थबकली. कारण काय, तर राखाडी रंगाचा एक कोट.

छोटी म्हणजे कोणी लहान मुलगी समजाल, तर तसं नाही. चांगली बेचाळीस वर्षांची बाई. एकोणिसाव्या वर्षी या शिंप्याच्या दुकानात कामाला लागली तेव्हा सगळ्यांत लहान होती म्हणून नाव पडलं, ते चिकटलं ते चिकटलंच. कोटाला अस्तर लावण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मागच्या वर्षी ती आजारी पडली. अंगाने नव्हे, डोक्याने. रस्त्यात एक पांढरी गाडी उभी असते आणि त्यातली माणसं सगळ्यांवर पाळत ठेवतात, असं तिने मनाशी घेतलं. आणि एकदा घेतलेलं काही केल्या सुटेना. चार महिने इस्पितळात गेले, पुढचे तीन घरात. आता परत कामावर येऊन तिला अडीच महिने झाले होते. दुकानाच्या मालकांनी, म्हणजे मास्तरांनी, पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "तीन महिने नुसती बटणं, हुक आणि पॅन्टच्या मोहऱ्या. मग बघू कोटाचं." त्या तीन महिन्यांतले आता दोन आठवडे उरले होते, आणि छोटी ते बोटांवर मोजत होती. अस्तर परत हातात येणं म्हणजे आपण परत माणसांत येणं, असा तिचा साधा हिशोब होता.

आणि नेमका तेव्हाच हा राखाडी कोट दांडीवर लटकत होता. इस्त्री झालेला, कागदात गुंडाळायला तयार.

हा कोट तिने ओळखला. न ओळखून सांगते कुणाला! गेल्या वर्षीचं काम, डावीकडच्या आतल्या खिशाखाली अस्तर तिनेच बंद केलेलं. आणि बंद करण्याआधी आत कटिंगच्या खाकी कागदाचा एक तुकडा सरकवलेला. त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, "सांभाळा. तुमच्यावर नजर आहे."

असे अकरा कोट होते. आजारपणातलं बाकी सगळं जगाने पाहिलं होतं. बस थांब्यावरचा तिचा आरडाओरडा पाहिला, घराच्या दाराला तिने लावलेल्या चार कड्या पाहिल्या, तिला गाडीत बसवताना चपला खाली राहिल्या त्याही शेजारणीने उचलून दिल्या. पण हे अकरा कागद तिचे एकटीचे होते. थोरल्या बहिणीला माहीत नाही, मास्तरांना माहीत नाही, डॉक्टरीणबाईंनासुद्धा नाही. ज्या निळ्या वहीत तिने त्या कोटांचे नंबर लिहिले होते, ती वही त्या गोंधळात कुठेतरी गेली. गेली ते बरंच झालं, असं छोटीला वाटायचं. कोट कधी ना कधी सैल करायला, घट्ट करायला परत येतील, तेव्हा गुपचूप एकेक कागद काढून घ्यायचा आणि विषय संपवायचा, हा तिचा बेत.

तिने इकडे तिकडे पाहिलं आणि अस्तरावरून हळूच हात फिरवला. कागद वाजला नाही. पुन्हा दाबून पाहिलं. आत काही नव्हतं.

मग तिने कोट उजेडात धरला. खिशाखालची तुरपाई तिची नव्हती.

आता तुम्हाआम्हाला तुरपाई म्हणजे तुरपाई. पण शिंप्याच्या घरात हातशिलाई सहीसारखी ओळखू येते. छोटीचे टाके तांदळाच्या कणीएवढे, सगळे उजवीकडे झुकलेले आणि शेवटी दुहेरी गाठ. हे टाके लांबुडके, एक इकडे एक तिकडे, आणि झुकाव सगळा उलटा, डावीकडे. दोराही राखाडी नव्हता, मळकट पांढरा. कोणीतरी डावखुऱ्या माणसाने हे अस्तर उसवलं होतं, कागद काढला होता आणि परत शिवून ठेवलं होतं.

दुकानात डावखुरं कोणी नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी तिला एक सवय लावली होती. शंका आली की आधी डोळ्यांनी काय पाहिलं ते लिहायचं, आणि डोक्याने काय जोडलं ते त्याच्या खाली, वेगळं. छोटीने मापाच्या पावतीच्या पाठीमागे लिहिलं : कागद नाही. टाके डावीकडे. दोरा पांढरा. आणि खाली लिहिलं : त्यांना सगळं कळलंय. मला काढून टाकणार. मग आणखी एक ओळ लिहिली आणि तीच तिला सगळ्यांत जास्त टोचली : की मीच परत आजारी पडतेय?

"काय गं, सकाळी सकाळी कोटाला मिठी मारून उभी?" दारातून आवाज आला. काजवाली मावशी. तीस वर्षं काजं करून करून बाईचे डोळे बारीक झाले होते, पण तोंड काही बारीक झालं नव्हतं.

"धूळ होती," छोटी म्हणाली आणि पावती चोळामोळा करून मुठीत दाबली.

मावशीने तिच्याकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं, आणि काहीही न बोलता कोट दांडीवरून उचलून आतल्या खोलीत नेला. मावशी आणि न बोलता! छोटीच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

त्या दिवसापासून तिचं लक्ष कामावर कमी आणि लोकांच्या हातांवर जास्त. मावशीच्या दिशेने तिने मुद्दाम दोऱ्याचं रीळ भिरकावलं, "मावशी, धरा!" मावशीने उजव्या हाताने झेललं आणि वर चार शब्द सुनावले. मास्तरांवर तर शंका घ्यायला जागाच नव्हती. त्यांची ती मोठी लोखंडी कात्री उजव्या हातातच बसायची, आणि उन्हाळा असो की हिवाळा, तो तपकिरी कोट अंगात घालून ते टेबलाशी उभे असायचे. टीपसुद्धा मारायची ती उजव्याच हाताने. मग राहिलं कोण? दुकानात तीन माणसं. चौथं कोणीतरी येऊन जातं, आपण नसताना येतं, आपल्या जागेवर बसतं. हा विचार आला की तिला तीच जुनी थंडी भरायची, पांढऱ्या गाडीची.

एकदा तर तिने स्वतःवरच शंका घेतली. आतल्या खोलीत जाऊन, दाराला पाठ लावून, डाव्या हातात सुई धरून चिंधीवर तुरपाई करून पाहिली. न जाणो, आपणच कागद काढला असेल आणि विसरलो असू! पण डाव्या हाताने तिला धड एक टाका जमेना, बोटं टोचून घेतली तेवढं झालं. चिंधी तिने खिशात कोंबली. हायसं वाटावं की घाबरावं, तेच तिला कळेना.

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला? सरळ विचारायचं ना, मास्तर, हा कोट कोणी उसवला? अहो, विचारलं असतं. पण विचारलं आणि तसं काही नसलंच, तर? मास्तर ताईला फोन करतील, ताई डॉक्टरीणबाईंना, आणि गोळ्यांचा डोस वाढेल. मागे वाढला होता तेव्हा सहा आठवडे तिची बोटं अशी थरथरत होती की सुईत दोरा ओवता येत नव्हता. ताई दोरा ओवून द्यायची आणि ती सुई हातात धरून नुसती बसायची. गप्प बसलं तर डोकं खातंय, बोललं तर हात जातायत. करायचं काय माणसाने?

पुढच्या बुधवारी संध्याकाळी तिने मास्तरांना फोनवर बोलताना ऐकलं. "हो हो, मोफत इस्त्री. फक्त जुन्या गिऱ्हाइकांना. आज आणून द्या, शुक्रवारी घेऊन जा." छोटी आत आली तसा त्यांचा आवाज खाली गेला, आणि ते एकदम पॅन्टच्या मापांबद्दल बोलायला लागले. मोफत इस्त्री! ज्या माणसाने आयुष्यात बटण फुकट लावून दिलं नाही तो मोफत इस्त्री करतोय. थोड्या वेळाने एक काळा कोट आला. तो दांडीवर न जाता थेट आतल्या खोलीत गेला. छोटीने दुरून ओळखला. तोही तिचाच.

उद्या गुरुवार. गुरुवारी छोटीची सुट्टी, दवाखान्याचा दिवस. म्हणजे कोट येतात बुधवारी, जातात शुक्रवारी, आणि जे काही होतं ते गुरुवारी होतं. यातलं बुधवार-शुक्रवारचं तिने पावतीच्या वरच्या भागात लिहिलं, कारण ते तिने पाहिलं होतं; गुरुवारचं खाली.

घरी आली तर ताई स्वयंपाकघरात काकडी चिरत उभी. ही थोरली बहीण. शाळेच्या कचेरीत कारकून, लग्नाच्या भानगडीत पडली नाही, आणि छोटी इस्पितळातून आल्यापासून तिच्यावर तिचा डोळ्यात तेल घालून पहारा. गोळ्यांची पाकिटं ती रोज उजेडात धरून मोजायची आणि छोटीला कळत नाही असं समजायची. छोटी तिला तसं समजू द्यायची.

"आज दमलेली दिसतेस," ताई म्हणाली. "काही होतंय का?"

"काही नाही."

"खरं?"

"अगं खरं! किती वेळा विचारशील?"

ताई पुन्हा काकडीकडे वळली. तेव्हा छोटीला दिसली ती पट्टी. ताईच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला औषधाची चिकटपट्टी लावलेली होती.

"बोटाला काय झालं?"

"हं? ते होय? कचेरीत स्टेपलर लागला," ताई म्हणाली, आणि सुरी चालवत राहिली. डाव्या हाताने.

छोटी जागच्या जागी उभी राहिली. चाळीस वर्षं या बाईला डाव्या हाताने जेवताना, लिहिताना, केस विंचरताना पाहिलं होतं. इतकं पाहिलं होतं की दिसेनासं झालं होतं. लहानपणी आईने दोघींनाही शिवण शिकवलं. छोटीला आलं, ताईला आलं नाही, आणि तिने सुई सोडली ती कायमची. पण डावखुऱ्याने सुई धरली तर टोचणार ती उजव्या बोटालाच. हे शिंप्याच्या दुकानात तेवीस वर्षं काढलेल्या बाईला कोणी सांगायला नको.

ताई अंघोळीला गेली तशी छोटीने तिची पिशवी उघडली. हो, उघडली. वाईट वाटलं तिला, पण उघडली. डबा, छत्री, शाळेची कागदपत्रं, आणि तळाशी निळी वही. तीच. हरवलेली.

पानावर तिच्याच हातचे नंबर होते, गिचमिड, कुठे कुठे पेन्सिल कागदातून आरपार गेलेली. पहिल्या नऊ नंबरांपुढे लाल पेनाने बरोबरच्या खुणा. ताईचीच खूण, शाळेतल्या कारकुनाची, नीटस. दहाव्यापुढे काही नाही. अकराव्या जागी नंबर नव्हताच, एकच शब्द होता : मास्तर. तोही कोरा.

म्हणजे हे असं होतं तर. सख्खी बहीण आणि मास्तर, दोघं मिळून. पुरावा गोळा करतायत. अकराच्या अकरा कागद हातात आले की टेबलावर मांडतील आणि म्हणतील, बघा, ही बाई कोटांत काय शिवते ते! तीन महिने संपायच्या आत. बरोबर वेळ साधलीय. छोटीने वही होती तशी ठेवली, पिशवीचे बंद होते तसे बांधले आणि जेवायला बसली. ताई अंघोळ करून आली आणि ताटात काकडी वाढत म्हणाली, "उद्या मी थोडी उशिरा येईन हं. शाळेत मीटिंग आहे."

"दर गुरुवारी मीटिंग?" छोटीने विचारलं.

"आता काय सांगू," ताई म्हणाली, आणि खरंच काही सांगितलं नाही.

गुरुवारी दवाखान्याच्या बाकावर छोटीच्या हातात चौदा नंबरचा बिल्ला होता आणि आत नववा नंबर चालू होता. ती उठली. बिल्ला तिने खिडकीतल्या बाईच्या पुढ्यात ठेवला, "येते मी थोड्या वेळात," म्हणाली आणि रस्त्याला लागली. कोपऱ्यावर एक पांढरी गाडी उभी होती. छोटी तिच्यासमोर उभी राहिली, काचेतून आत डोकावली. आत एक माणूस मान टाकून झोपला होता, तोंड उघडं. गाड्या पांढऱ्या असतात, तिने स्वतःला बजावलं, आणि पुढे निघाली.

दुकानाच्या काचेतून सगळं लख्ख दिसत होतं. तिच्या जागेवर, तिच्या स्टुलावर, तिचं अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून घालायची ती टोपी, बोटात घालून ताई बसली होती. मांडीवर काळा कोट. जीभ दातांत धरून, डाव्या हाताने, एकेक टाका घालत. बाजूला मावशी, हातात चहाचा कप, आणि तोंडाचा पट्टा चालू. मास्तर पलीकडे खडूने कापडावर रेघा मारत होते.

छोटीच्या मनात पहिल्यांदा काय आलं, सांगू? खरं निघालं! एवढंच. आठवडाभर डोक्यात जे घुमत होतं ते खरं निघालं, आपलं डोकं खोटं बोलत नव्हतं. आणि त्याच्या मागोमाग असा संताप आला की दार तिने ढकललं ते भिंतीवर आपटलं.

"करा, करा! माझ्या पाठीमागे करा!"

मावशीचा चहा सांडला. ताई उठली, कोट खाली पडला. "अगं, तू दवाखान्यात..."

"दवाखाना गेला खड्ड्यात! अंगुस्तान काढ माझं!"

ताईने निमूटपणे काढलं. "छोटी, ऐक तरी. तुला इस्पितळात नेलं त्या दिवशी तुझ्या उशीखाली वही सापडली. मी मास्तरांना आणून दाखवली. आम्हाला वाटलं, तुला यातलं काही आठवत नाही. आठवलं तर तुला लाज वाटेल, परत त्रास होईल. म्हणून तू कोटांना हात लावायच्या आत सगळे कागद काढून टाकायचे ठरवलं."

"मला सगळं आठवतंय! अकराच्या अकरा! मला वाटत होतं तुम्हाला माहीत नाही!"

मग मावशीच म्हणाली, "घ्या. म्हणजे हिच्यापासून आपण लपवतोय आणि आपल्यापासून ही. काय पण शहाणी माणसं!"

पण छोटीला हसू आलं नाही. "मावशी, तुम्हाला गंमत वाटतेय. आठवडाभर मी झोपले नाही धड. टाके बघितले आणि वाटलं, झालं, परत सुरू झालं, परत मला नसलेलं दिसायला लागलं. स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला माझा. आणि तुम्ही खरंच करत होतात! मला बरी करायला निघालात आणि मला परत वेडी करत होतात, कळतंय का?"

ताई रडायला लागली. रडताना ती फार कुरूप दिसायची, लहानपणापासून, आणि छोटीला तिची दया आली तरी तिने ती दाखवली नाही.

"कागद कुठे आहेत?" तिने विचारलं.

"घरी. माझ्या कपाटात, बिस्किटांच्या डब्यात."

"वाचलेस?"

"नाही."

"ताई."

"एक वाचला," ताई नाक पुसत म्हणाली. "पहिला. मग पुढचे वाचायचा धीर झाला नाही मला. मास्तरांनाही हात लावू दिला नाही. म्हटलं, तिचे आहेत, उसवायचं तर मी उसवीन. म्हणून तर हे असले टाके."

छोटीने खाली पडलेला काळा कोट उचलून झटकला. टाके पाहिले. खरोखर, असले टाके वैऱ्याच्या कोटालाही कोणी घालू नयेत. पण अजून एक गोष्ट तिच्या मनातून जात नव्हती. ती मास्तरांकडे वळली. हा माणूस टेबलापलीकडेच होता. हातात खडू धरून उभा.

"अकरावा राहिला," ती म्हणाली.

मास्तरांनी खडू ठेवला. मग अंगातला तपकिरी कोट काढला, टेबलावर उलटा पसरला आणि तिच्यापुढे सरकवला. कोटाशिवाय ते एकदम बारके आणि म्हातारे दिसायला लागले. डाव्या खिशाखाली तांदळाच्या कणीएवढे टाके, शेवटी दुहेरी गाठ. कोणी हात लावला नव्हता.

"ताई मागे लागली होती," मास्तर म्हणाले. "मी म्हटलं, माझा राहू दे. तिच्या हातचा आहे, ती आली की तीच उसवेल."

"तुम्हाला वही बघून कळलं?"

"नाही गं. तू घातलास त्याच दिवशी कळलं. माझा कोट माझ्या अंगावर वाजतोय आणि मला कळणार नाही? कपडे शिवतो मी."

तो कागद तिने इस्पितळात जायच्या दोन महिने आधी घातला होता. दोन महिने. "मग तेव्हाच का नाही विचारलंत मला?"

मास्तरांनी कात्री उचलली, परत खाली ठेवली. "भ्यालो," ते म्हणाले. "तू तेव्हा कशी बघायचीस, तुला नाही माहीत. वाटलं, विचारलं तर काहीतरी फुटेल. वाटलं, आपोआप जाईल. चुकलं माझं. तेव्हा विचारायला पाहिजे होतं आणि आताही विचारायला पाहिजे होतं."

छोटीने लहान कात्री घेतली. स्वतःची दुहेरी गाठ कापायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला. कागद घामाने मऊ पडला होता, घडीवर फाटायला आला होता. या एका कागदावर काय लिहिलंय ते तिला न उघडता आठवत होतं आणि म्हणूनच तो उघडायला नको वाटत होता. बाकीच्या दहांवर धोक्याची सूचना होती. हा वेगळा.

"फेकून दे," ताई म्हणाली. "वाचू नकोस."

"नाही," छोटी म्हणाली, आणि मोठ्याने वाचलं. "मास्तर त्यांना सामील आहेत. यांच्याकडे पाठ करू नका."

मावशीने चहाचा कप हळूच खाली ठेवला.

मास्तरांनी डोकं खाजवलं. "मग पाठीचं माप कसं घ्यायचं गं मी लोकांचं?"

आधी मावशी फिसकन हसली, मग ताई रडता रडता हसली, आणि शेवटी छोटीलाही हसू फुटलं, इतकं की डोळ्यांतून पाणी आलं आणि ते थांबता थांबेना. मास्तर मात्र हसले नाहीत. ते तिचं आवरेपर्यंत थांबले.

"अजून वाटतं तसं?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणायचं अगदी तिच्या जिभेवर आलं होतं. नाही म्हटलं असतं की सगळ्यांना बरं वाटलं असतं. "मघाशी दार ढकललं तोपर्यंत वाटत होतं," ती म्हणाली. "आता थोडं."

"थोडं?"

"थोडं राहील बहुतेक. डॉक्टरीणबाई म्हणतात, काही लोकांचं राहतं."

"राहू दे," मास्तर म्हणाले. "वाटलं की विचार. मी आहे त्यांना सामील, नाही, जे काय असेल ते सांगेन."

ताईने हात पुढे केला. "दे तो कागद. डब्यात ठेवते."

छोटीने दिला नाही. ती मास्तरांचा कोट उजेडात धरून आपलीच जुनी तुरपाई बघत होती, अजून न कापलेली बाकीची. इतके दिवस त्या बाईचा नुसता विचार आला तरी तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ती चार कड्या लावणारी, रस्त्यात ओरडणारी, अनवाणी. ती आपण नव्हेच, ते आजारपण होतं, असं ती सगळ्यांना आणि स्वतःलाही सांगत आली होती. पण ही तुरपाई त्याच बाईची होती.

"ताई, इकडे ये. हे बघ," ती म्हणाली. "मी तेव्हा किती घाबरलेली होते, माहितीय ना तुला? खाणं सुटलं होतं, झोप सुटली होती. आणि बघ. एक तरी टाका वाकडा आहे का?"

ताईने डोळे पुसून पाहिलं. मावशीने पाहिलं, काजांना बघते तसं अगदी नाकाजवळ नेऊन. "एकही नाही," मावशी म्हणाली.

"मीच होते ती," छोटी म्हणाली. कागदाची घडी करून तिने आपल्या पाकिटात ठेवली, गोळ्यांच्या चिठ्ठीशेजारी. मग स्टूल ओढून बसली, अंगुस्तान बोटात घातलं, सुईत दोरा ओवला. पहिल्याच खेपेला ओवला गेला. मास्तरांच्या कोटाचं अस्तर तिने कणीएवढ्या टाक्यांनी बंद केलं, दुहेरी गाठ मारली आणि कोट त्यांच्याकडे टाकला.

मास्तरांनी कोट घातला, खांदे हलवून पाहिले. "आता वाजत नाही," ते म्हणाले. "सवय झाली होती."

छोटीने तोवर काळा कोट मांडीवर घेऊन ताईचे टाके उसवायला सुरुवात केली होती. "हे असलं काम या दुकानातून बाहेर जाणार नाही," ती म्हणाली. "ते बाकीचे नऊ कोट पण परत बोलवा."

"अगं, पण अस्तरं तुला पुढच्या आठवड्यात..."

"मास्तर."

"बरं," मास्तर म्हणाले. "बोलवतो. पण सांगू काय त्यांना? मोफत इस्त्री एकदा झाली सांगून."

छोटीने तोंडातला दोरा दाताने तोडला. कोपऱ्यावरची पांढरी गाडी तेवढ्यात दुकानावरून गेली. तिने मान वर करून पाहिलं, ती जाईपर्यंत पाहिलं, आणि मग मान खाली घातली.

"सांगा, आमच्या बाई मधे आजारी होत्या, तेव्हाचं थोडं काम राहून गेलंय," ती म्हणाली. "त्या परत आल्यात. त्यांना ते स्वतःच्या हाताने करायचंय."